नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या समाजांचं प्रदर्शन करायचंय, पण मांडायचं कसं?

पंचवटीवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, चालवून घ्या.

आमचं पंचवटीत एक छोटंसं वाचनालय आहे आणि आम्ही काही जण मिळून या थंडीत एक प्रदर्शन भरवायचं म्हणतोय. विषय नाशिक जिल्ह्यातली माणसं. किल्ले, तोफा, तलवारी नकोत, ते कुठे ना कुठे चालूच असतं. कोण कुठून आलं, काय काम करायचं, कशावरून भांडलं, देव कुठले, सण कुठले असं सगळं. २०२७ ला सिंहस्थ आहे, तेव्हा अख्खा देश इथे येणार आणि रामकुंड, त्र्यंबक आणि द्राक्षाची वाइन एवढंच बघून जाणार, तर त्याआधी निदान आपल्याच लोकांनी आपला जिल्हा नीट बघावा असं डोक्यात आहे.

तर झालं असं की आमच्यातल्या एकाने १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर काढलं, इंग्रजांनी केलेलं, त्यात लोकांवर एक प्रकरण आहे, एकेक जात घेऊन ती कशी राहते, काय खाते, स्वभाव कसा (हो, स्वभाव!) असं लिहिलंय. त्याने ती यादी फळ्यावर उतरवली आणि तिथेच मीटिंगचा निकाल लागला. त्यांना अख्खा पॅनल आणि आम्हाला अर्धा का, ते मुळात नाशिकचे नाहीतच, आमच्याबद्दल त्या साहेबाने जे लिहिलंय ते लावायचं नाही. शेवटी एक काका म्हणाले की प्रत्येक समाजाच्या मंडळाला एकेक टेबल देऊन टाका, ज्याचं तो बघेल, आपल्याला कटकट नको. पुढे काय होणार ते मला आत्ताच दिसतंय, प्रत्येक टेबलावर एका महापुरुषाचा फोटो, हार, आणि त्याच्याहून मोठा मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो.

मग यादीने नाही तर कशाने मांडायचं? कोणी असं काही केलंय का? आणि लोक जुन्या वस्तू देतात का मागितल्या तर? बजेट विचारू नका, फ्लेक्सवाला आणि चहावाला एवढं भागेल.

त्रिरश्मी_१०

ताई, ती यादी आधी पुसा. गॅझेटियर कामाचं आहे, भरपूर कामाचं आहे, पण ती यादी राज्य चालवायला केलेली होती, कोणाकडून किती सारा निघेल आणि कोण दंगा करेल हे कळायला. ती तशीच भिंतीवर लावली की येणारा माणूस पण तशीच वाचतो, आधी आपली जात शोधतो, तिथे उभं राहून फोटो काढतो आणि निघतो. शेजारच्याचं वाचतच नाही.

मी काय म्हणतो, एक काम धरा आणि त्या कामाच्या मागे मागे जिल्हाभर फिरा. मला विचाराल तर विणकाम.

पांडवलेण्यात १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, क्षत्रप राजा नहपानाचा जावई. लोक तो "दानाचा लेख" म्हणून बघतात आणि पुढे जातात, पण त्यात चक्क हिशोब आहे. त्याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, आणि ठेवले कोणाकडे तर गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघांकडे. २००० एका श्रेणीकडे महिना शेकडा १ ने, १००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण ने. मुद्दल परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. आता २००० चं वर्षाचं व्याज झालं २४०, आणि लेखात लिहिलंय की लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्याच्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. करा गुणाकार! म्हणजे गंगापूर रोडने पुढे गेल्यावर आपल्याला जे गोवर्धन लागतं तिथले विणकर जवळपास १९०० वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळत होते, राजघराण्यातला माणूस त्यांच्यावर भरवसा ठेवून पैसे देत होता. शाळेतल्या पोरांना हे गणित म्हणून द्या, बघा कशी चिकटतात त्या पॅनलला.

आणि ते "मुळात नाशिकचे नाहीत" वाल्यांसाठी, नहपान क्षत्रप म्हणजे शक, बाहेरून आलेला. १७ नंबरचं लेणं कोरून घेतलं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, तो स्वतःच लेखात सांगतोय की मी उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा. हा पॅनल दारातच लावा.

तिथून येवला. रघोजी नाईकांनी पैठणचे विणकर आणून बसवले असं सांगतात आणि आज पैठणी घ्यायला लोक पैठण सोडून येवल्याला येतात. साळी, कोष्टी, खत्री, मुसलमान असे वेगवेगळे लोक त्या एका धंद्यात. मग मालेगाव, तिथे १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन अन्सारी विणकर, आधी हातमाग, नंतर पॉवरलूम. तिघांचा एकमेकांशी वंशाचा संबंध आहे असं मात्र चुकूनही लिहू नका, तसा पुरावा नाही. माणसं वेगळी, काळ वेगळा, जिल्हा तोच.

मालेगाव_आग्रा_रोड

मालेगावचं नाव आलं म्हणून लिहितोय. नाशिकमधे मालेगाव म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय येतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, सोडा.

ताई, एक विनंती. हातमागाचं सगळे कौतुक करतात, पैठणीवर तर मंत्री पण भाषण देतात, पण पॉवरलूमला कोणी इतिहास समजत नाही. आमच्या गल्लीत चार पिढ्या लूमवर गेल्या. लूम चालवणारा एकटा नसतो, सुताला खळ लावणारा साईझिंगवाला आहे, ताण्याचा बीम भरणारा आहे, घरात बसून सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आहेत ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, लूम बिघडला की येणारा मिस्त्री आहे. हे सगळं दाखवा. एक जुना धोटा (मागावर आडवं सूत नेणारा) मी देतो, हातात घेऊन बघता येईल असा ठेवा, काचेत नको. आवाज पण रेकॉर्ड करून घ्या, एका लूमचा नाही, अख्ख्या कारखान्याचा, लोकांना कळू द्या की आमच्याकडे माणसं एवढी मोठ्याने का बोलतात.

यायचं असेल तर शुक्रवारी या, त्या दिवशी लूम बंद असतात आणि माणसं मोकळी सापडतात. रेकॉर्डिंगला दुसऱ्या दिवशी थांबा. आणि मालेगावचा जो पॅनल कराल त्यावर मराठीखाली उर्दूतही लिहा, लिहून मी देतो, तपासून पण देतो. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना स्वतःबद्दलच लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागू नये.

अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. आमचा भुईकोट किल्ला पेशव्यांच्या ज्या सरदाराने, नारोशंकराने बांधला त्याचंच तुमच्या घाटावरचं देऊळ, आणि तिथली घंटा वसईच्या पोर्तुगीजांवरच्या विजयाची म्हणून सांगतात. पोर्तुगीज घंटा, गोदावरीचा घाट, मोसम नदीवरचा किल्ला. जिल्हा जोडायला आणखी काय पाहिजे!

दिंडोरीकर_९

विणकामाची आयडिया चांगली आहे पण मला त्यात एक मोठी गडबड दिसते आणि ती कोणीतरी बोललीच पाहिजे.

काम धरून मांडलं की जात आपोआप गायब होते. मग सगळं छान छान दिसतं, गावात बारा बलुतेदार होते, प्रत्येक जण आपलं काम करायचा, एकमेकांवर अवलंबून होते, गुण्यागोविंदाने नांदत होते. असली पोस्टरं बघून बघून डोकं उठलंय. मेलेलं ढोर ओढून नेणं हेही कामच होतं, सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत फुकट पोचवणं हेही कामच होतं, ते लावणार का त्या भिंतीवर? पैठणीचा पदर लावणं सोपं आहे.

तुमचं वाचनालय पंचवटीत आहे म्हणता. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो तुमच्या दारातच म्हणायचा. बाबासाहेबांचं नेतृत्व, आणि नाशिकमधे राहून तो रोजच्या रोज ज्यांनी चालवला ते दादासाहेब गायकवाड आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. एका दिवसाचा मोर्चा नव्हता तो, पाच वर्षं रेटला लोकांनी, बायका पण होत्या त्यात, आणि तरीही दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्माला आलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे तुमच्या पैठणीच्याच येवल्यात. येवल्याच्या पॅनलवर नुसती पैठणी लावली आणि मुक्तिभूमी (त्या घोषणेच्या जागेचं स्मारक) नाही लावली तर तो पॅनल खोटा.

आणि कृपा करून हे सगळं उचलून "सामाजिक सुधारणा" नावाच्या वेगळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवू नका. ज्या भिंतीवर देवळं आहेत त्याच भिंतीवर पाहिजे. वस्तूंचं विचाराल तर आमच्याकडे तांब्याची भांडी आणि वाडे नसतात दाखवायला, पण वह्या मिळतील, आंबेडकरी जलशातली गाणी हाताने उतरवून ठेवलेल्या. आपल्या भागातल्या भीमराव कर्डकांनी जलशातून गावोगाव जे पोचवलं ते भाषणांनी पोचलं नसतं. एखादी वही उघडून ठेवा आणि शेजारी कोणातरी आजोबांच्या आवाजात ते गाणं लावा.

त्रिरश्मी_१०

@दिंडोरीकर_९ दादा, तुमचं म्हणणं पटतंय, फक्त त्यावर इलाज म्हणून परत जातींची यादी नको. असं करता येईल, प्रत्येक पॅनलच्या खाली तेच तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं, हे काम कोणी करायचं, कोणाला करू देत नव्हते, आणि पैसा कोणाकडे जायचा. विणकरालाही तेच, पुजाऱ्यालाही तेच, सावकारालाही तेच. तांबट आळीच्या भांड्यांनाही तेच. मग ते "गुण्यागोविंदाने" आपोआप गळून पडतं. बेगारीचा पॅनल व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही.

दिंडोरीकर_९

चालेल. पण "पैसा कोणाकडे जायचा" याचं उत्तर समितीतल्या लोकांनी नाही लिहायचं, ज्याने काम केलंय त्याच्या घरातल्या माणसाने सांगायचं.

जुनेफोटो

मी जरा वस्तूंबद्दल बोलतो, कारण सगळी प्रदर्शनं तिथेच फसतात.

लोक वस्तू देत नाहीत, आणि का द्याव्यात? एका संस्थेला दिलेला आमच्या आजोबांचा फोटो अजून परत यायचाय, संस्थेचं नाव घेत नाही. म्हणून मागायला जाऊच नका. एक रविवार ठरवा, व्हॉट्सअॅपवर फिरवा की घरातला जुना फोटो, पत्र, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, काय असेल ते घेऊन या, आम्ही समोरच स्कॅन करून वस्तू तुमच्या हातात परत देतो. चहा द्या, बसवा, फोटोबद्दल बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा (आधी विचारून, आणि नाव छापायचं की नाही हेही विचारून लिहून घ्या). खरा माल तोच, ते बोलणं. मग मथळे तुम्हाला लिहायला लागतच नाहीत, त्यांचंच एक वाक्य वर टाकायचं.

स्कॅन ६०० डीपीआयला करा, म्हणजे मोठी प्रिंट काढता येते. जुन्या फोटोला सेलोटेप लावायची नाही, मागे बॉलपेनने लिहायचं नाही, आणि लॅमिनेशन तर नाहीच नाही! लॅमिनेशन केलेला जुना फोटो गेला समजा. लुगडी, पैठण्या कोणी विश्वासाने दिल्याच तर पिना मारून टांगू नका, वजनाने फाटतात, जाड नळीला मलमल गुंडाळून त्यावर सोडा, उन्हात आणि हॅलोजनखाली ठेवू नका. जी वस्तू रात्री हॉलमधे राहणार तिची पावती दोन प्रतीत, फोटोसकट, आणि परत द्यायची तारीख वर लिहिलेली.

मजकूर कमी ठेवा. एका पॅनलवर साठ-सत्तर शब्दांच्या वर कोणी वाचत नाही, आणि अक्षर एवढं पाहिजे की चार पावलांवरून म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल. फ्लेक्स चकाकतो, वाचता येत नाही, थोडे जास्त गेले तरी सनबोर्डवर मॅट प्रिंट घ्या.

कनाशी_कळवण

सगळं वाचलं. एकच विचारतो, हे प्रदर्शन नाशिकलाच का?

सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण, त्र्यंबक, इगतपुरी, आमच्याकडचा माणूस नाशिकला येतो तो दवाखान्यासाठी नाहीतर कोर्टासाठी. किंवा मोर्चाला, २०१८ च्या मार्चमधे नाशिकहून मुंबईला पायी गेले त्यात आमचे किती तरी होते, १८० किलोमीटर. प्रदर्शनात आम्ही येतो ते नेहमी भिंतीवर, "आदिवासी जीवन" लिहिलेलं, तारपा, टोपली, एक वारली चित्र, झालं. कोकणा कोण, महादेव कोळी कोण, भिल्ल कोण, वारली कोण, शहरवाल्याला फरक माहीत नसतो आणि बघणाऱ्यालाही कळत नाही. १८५७ ला पेठच्या राजाला इंग्रजांनी फाशी दिली, नांदूरशिंगोट्याचा भागोजी नाईक भिल्लांना घेऊन लढला, हे कधी लावत नाहीत. टोपलीच लावतात.

बोहाड्याचे (गावच्या देवांच्या सोंगांच्या उत्सवाचे) मुखवटे मागायला जाल तर आधी विचार करा. ते पूजेतले असतात, सोंग नाचवायचा मान एकेका घराकडे असतो, उचलून हॉलमधे खिळ्याला लावायची वस्तू नाही ती. कोणी नाही म्हटलं तर नाराज होऊ नका. बोहाडा बघायचा तर गावात रात्री बसून बघा, संबळ ऐका. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचं पण तसंच, मार्गशीर्षात माऊल्या (व्रत धरलेले भक्त) निघतात तेव्हा पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजते, ती देवाची आहे, उद्घाटनाला पाहुण्यांसमोर वाजवायची नाही. थाळकथा मात्र रेकॉर्ड करून घ्या, काशाच्या थाळीवर काडी उभी करून तिच्यावरून बोटं ओढतात आणि त्या सुरावर कणसरीची (धान्याच्या देवीची) गोष्ट सांगतात, रात्रभर चालते. सांगणारे आता कमी राहिलेत. पैसे द्या त्यांना, सत्काराची शाल नको.

आणि प्रदर्शन पेटाऱ्यात बसेल असं करा. सनबोर्ड, दोऱ्या, बस. एसटीच्या टपावर जाईल असं. बाजाराच्या दिवशी गावात लावा, माणूस मीठमिरची घ्यायला आला की बघून जाईल. बागलाणकडे लावलं तर पाट्या अहिराणीत पण करा, तेवढं मी बघतो. मंग या आमना गावले.

शरणपूर_सिग्नल

कोणीच लिहिलं नाही म्हणून मी टाकतो. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. तिथे आफ्रिकन मुलं राहायची! गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांच्या नौदलाने सोडवलेली, मुंबईला उतरवून नाशिकला पाठवलेली. इथे सुतारकाम, लोहारकाम शिकली. इंग्रजांच्या कागदात त्यांना "नासिक बॉइज" म्हणत. त्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा हजर, त्यांचं शव समुद्रापर्यंत आणणाऱ्या लोकांत होता, आणि १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत. नाशिकला शिकलेला पोरगा! पुढे इथले बरेच जण मोंबासाजवळ फ्रीअरटाउनला जाऊन राहिले, ते गाव उभं करणारा मिशनरी प्राइस आधी शरणपूरलाच होता.

आता ही कोणत्या "समाजाच्या" टेबलावर मांडणार? त्यांचं मंडळ नाही, अध्यक्ष नाही, मागणी करायला कोणी येणार नाही.

कॅम्पातली

देवळाली विसरू नका 🙂 पारशी सॅनेटोरियम, फाळणीनंतर आलेले सिंधी, तोफखान्यातले देशभरचे जवान, सगळे एका बाजारात भाजी घेतात. नाशिकरोडचे नोटांच्या प्रेसवाले पण, आणि ओझरच्या मिग कारखान्यामुळे आलेले. मनमाड-इगतपुरीची रेल्वेची घरं. "बाहेरून आलेले" मोजायला बसलात तर जिल्हा रिकामा होईल.

पंचवटीवाली

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल परत बसलो आम्ही. यादी पुसली. टेबलवाले काका रुसलेत पण ते येतील, त्यांच्याकडे रहाडीचे (रंगपंचमीला रंग भरायच्या जुन्या हौदांचे) जुने फोटो आहेत आणि रंगपंचमीला कुठल्या रहाडीचा मान कोणाकडे, रंग कुठला हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही, तेव्हा त्यांना ते काम दिलंय.

ठरलं ते असं. चार भिंती, विणकाम, देवळाचं दार, डोंगर आणि आलेली माणसं. दारात इंद्राग्निदत्त. सत्याग्रह दुसऱ्या भिंतीवर, घाटाच्या, देवळांच्या फोटोंच्या मधोमध. त्यावरून एक जण म्हणाले की वाद होईल, तर मी म्हटलं होऊ दे की, वाचनालय आहे ते. बेगारीवर अजून काहीच हातात नाही, दादा तुमच्याकडे कोणी बोलणारं असेल तर सांगा. आफ्रिकन मुलांचा पॅनल शाळेची पोरं करणार, नकाशा काढून, नाशिक ते मोंबासा.

पहिला स्कॅनिंगचा रविवार दिवाळीनंतर. पेटाऱ्याची कल्पना सगळ्यांना आवडली पण दोन गोष्टी अडल्यात, कळवणला बाजार कोणत्या वारी धरायचा, आणि एसटीच्या टपावर सनबोर्ड वाऱ्याने मोडणार नाही का?

कनाशी_कळवण

मोडेल. गोधडीत गुंडाळून पाठवा. बाजाराचा वार फोनवर सांगतो, आधी कनाशीला लावू, तिथे हॉलची गरज नाही, शाळेचा व्हरांडा आहे.

विडीकामगार_सिन्नर

सिन्नरला पण आणा की मग. आमच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या, पानं कापायची कात्री आणि सूप अजून आहे घरी. स्कॅनिंगच्या रविवारी घेऊन आलो तर चालेल का, का फक्त कागदच?

जुनेफोटो

आणा. आणि आईंना पण आणा.